फियाट ११०० डिलाइट, १९६६: मूळ इंजिन ठेवायचं की बदलायचं (प्रकल्प नोंदी)

७ जानेवारी २०२४

गाडी कागलच्या शेतातल्या शेडमधून कोल्हापूरला आली. चारही ड्रममध्ये ब्रेक धरून बसलेत, त्यामुळे टोचन करणं शक्य नव्हतं. टेम्पोत चढवून आणली. आबांनी नवी घेतली होती, मग काकांच्या नावावर होती, आता माझ्या. पत्रा वाटलं होतं त्यापेक्षा बरा आहे. दरवाज्यांखालच्या पट्ट्या कुजल्यात, डिकीचा तळ गेलाय, पण छत आणि खांब शाबूत आहेत. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळी बॉडीच भार घेते, म्हणून खांब शाबूत असणं फार मोलाचं.

सगळ्यात आधी नंबर बघितले. ब्लॉकवरचा नंबर तेल-मातीच्या जाड थराखाली होता. डिझेल आणि पितळी ब्रशनं तासभर खरवडल्यावर आकडे दिसू लागले. शेवटचा आकडा ३ की ८ ते कळत नव्हतं. पांढरा खडू चोळून वरून बोट फिरवलं तेव्हा ३ स्वच्छ उमटला. आरसी बुकातही ३ च आहे. बॉडीवरचा चासी नंबरही जुळला.

ब्लॉक कधीच बदललेला नाही, हे कळल्याचा मला मनापासून आनंद झाला. हे गृहीत धरण्यासारखं नव्हतं. इंजिन दमलं की हाफ इंजिन (हेड सोडून खालचा ब्लॉक, क्रँक-पिस्टनसकट) बदलून मोकळं व्हायचं, ही त्या काळातली सर्रास पद्धत. आरसीवर नवा नंबर चढवायला कितीतरी जण जात नसत.

क्रँक हलत नाही, इंजिन जाम आहे. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ तेल) सोडून ठेवलंय.

१४ जानेवारी

इंजिन अजून सुटलेलं नाही. दरम्यान प्रत्येकाचं मत येऊन पोचलंय, ते लिहून ठेवते.

उद्यमनगरातले मेस्त्री, ज्यांच्याकडे हे सगळं काम होणार आहे, म्हणाले, "ताई, एनईचं इंजिन टाका आणि मोकळ्या व्हा. ह्याला पैसं घालून ही पुण्याला धड जाणार न्हाई." त्यांनी आयुष्यभर फियाट उघडल्यात, तेव्हा हे मत हलकं घेता येत नाही. एनई म्हणजे प्रीमियर ११८एनई. १९८५ च्या सुमारास आलेल्या त्या गाडीत निस्सानचं ए१२ इंजिन होतं: ११७१ सीसी, पाच मेन बेअरिंग, बावन्नच्या आसपास अश्वशक्ती. पद्मिनीत, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या अवतारात, ते बसवून घेतलेल्या गाड्या महाराष्ट्रात भरपूर झाल्या.

पुण्याचा दादा (चुलतभाऊ) म्हणतो की गाडी चालली पाहिजे, नुसती पुसून ठेवायची असेल तर त्याला रस नाही. तो खर्चात निम्मा भागीदार आहे आणि सणाला पुणे-कोल्हापूर याच गाडीनं करायचं त्याच्या मनात आहे. काकींचं म्हणणं एवढंच, की गाडीचा आवाज बदलता कामा नये.

माझं मन मूळ इंजिनाकडे झुकतंय हे उघड आहे. पण मन झुकतंय म्हणून ब्लॉकवर हजारो रुपये घालायचे नाहीत. इंजिन खोलायचं, मापं घ्यायची, आणि मगच ठरवायचं. गुढीपाडव्यापर्यंत निर्णय झाला पाहिजे, कारण बॉडीचं काम त्यावर अडून आहे. इंजिनाचे माउंटिंग आणि गियरची दांडी ठरल्याशिवाय फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) रंगवता येणार नाही.

२१ जानेवारी

सुटलं! आज क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून मेस्त्रींनी थोडं पुढे, थोडं मागे असं हळूहळू हलवत आणलं आणि एका क्षणी कर्र असा आवाज होऊन क्रँक फिरला. जोर लावून एकदम फिरवलं असतं तर रिंगा तुटून बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चर पडले असते.

हेड काढलं. चारपैकी दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर बरे, एक आणि चार खराब. चार नंबरचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असणार. तिथून ओल आत गेली आणि रिंगा जिथं थांबल्या होत्या तिथं बोअरभर गंजाचा पट्टा उमटलाय. नखानं तपासला तर नख अडकतं. बोअरच्या वरच्या टोकाला झिजेची पायरीही जाणवते.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. पाण्याच्या वाटांभोवती ते खाल्लं गेलंय. वर्षानुवर्षं साधं बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये, कूलंटचा पत्ता नाही, त्याचा हा परिणाम. ब्लॉकच्या वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवती पाणी खेळायच्या पोकळीच्या) तळाशी तांबूस गाळ दगडासारखा बसलाय. पेचकसानं टोकरून काढावा लागला. जुन्या फियाटा "तापतात" म्हणून बदनाम झाल्या, त्यातल्या किती याच गाळानं तापल्या असतील असं वाटलं. मागच्या सिलिंडरपर्यंत पाणी पोचतच नसणार.

पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा मोठा असल्याचा) आकडा कोरलेला आहे. म्हणजे बोअरिंग एकदा झालेलं आहे.

२८ जानेवारी

आज हात काळे केले नाहीत, वाचन केलं. या इंजिनाचा वंश बघण्यासारखा आहे, आणि निर्णयाशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून थोडं विस्तारानं लिहिते.

६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, १०८९ सीसी, ओव्हरहेड व्हॉल्व्ह. ही मापं फियाटच्या १९३७ च्या ५०८ सी पासूनची आहेत. १९३९ मध्ये तेच ११०० मालिकेत आलं, १९५३ मध्ये ११००-१०३ मध्ये बसलं, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आपल्या रस्त्यांवर उतरलं. आधी ती डुक्कर फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. १९६४ पासून डिलाइट. १९७२ ला नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ ला पद्मिनी. विसावं शतक संपेपर्यंत पेट्रोल पद्मिनीच्या बॉनेटखाली मापं तीच होती. मुंबईची काळी-पिवळी याच इंजिनावर चालली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली. त्याला अजून तीन महिनेही झाले नाहीत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सुटे भाग मिळतात. रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सेट, टायमिंग चेन यांसाठी परदेशात शोधाशोध करायची गरज नाही. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. इटलीत १९६२ च्या ११००डी साठी फियाटनं हेच इंजिन ७२ मिमी बोअरचं केलं, १२२१ सीसी. आपल्याकडची डिलाइट त्याच ११००डी वर बेतलेली, तरी इंजिन १०८९ चंच राहिलं. म्हणजे या घराण्याच्या ब्लॉकमध्ये ६८ च्या पुढे जायला जागा निघू शकते. आपलं ओतकाम इटलीतल्यासारखंच असेल असं मात्र धरून चालता येत नाही. भिंतीची जाडी मोजूनच बघावी लागेल.

४ फेब्रुवारी

उद्यमनगर. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा: फाउंड्री, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग, सगळं चार गल्ल्यांत. शेतीच्या ऑइल इंजिनांवर पोसलेली ही वस्ती आहे. ब्लॉकला लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची लोखंडी नळी) टाकणं इथं कुणाला नवं नाही.

मापं:

बोअर स्टँडर्ड ६८.०० हवा. आमचा खाली, जिथं झीज नाही तिथं, ६८.६२. वर, सगळ्यात झिजलेल्या जागी, एक नंबरला ६८.८१ आणि चार नंबरला ६८.८४, शिवाय गंजाचा खड्डा. म्हणजे यापुढच्या ओव्हरसाइजला नेऊन साफ करायचं तर बरंच मटेरियल जाणार, आणि खड्डा तरी पूर्ण जाईल याची खात्री नाही.

क्रँकला चीर नाही. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे क्रँकचे गोल भाग) एकदा घासलेले आहेत, अजून एक साइज घासता येईल. क्रँकला तीनच मेन बेअरिंग, त्यामुळे मधल्या बेअरिंगची ओळ सरळ आहे की नाही हे पाहणं महत्त्वाचं होतं. सरळ आहे.

ब्लॉक प्रेशरला लावला. गरम पाण्यात बुडवून हवा सोडल्यावर मागच्या वेल्च प्लगच्या (ब्लॉकचं ओतकामाचं भोक बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकतीच्या) बाजूला एका ठिकाणाहून बारीक बुडबुड्यांची माळ निघू लागली. सगळे वाकून बघत होतो. चीर की गंजून पडलेलं भोक? कारागिरानं ती जागा घासून डाय पेनेट्रंट मारलं. लाल ठिपका उमटला, रेघ नाही. भोकच आहे. ते ड्रिल करून, आटे पाडून, पिन बसवून बंद होतं. कास्ट आयर्नला वेल्डिंगची आच द्यायची गरज नाही. लाल रेघ निघाली असती आणि ती बोअरच्या दिशेनं गेली असती, तर या नोंदींचा सूर वेगळा झाला असता.

अल्ट्रासॉनिक गेजनं बोअरच्या भिंती मोजल्या. प्रत्येक सिलिंडरला चार बाजूंनी, वर-मध्ये-खाली. सगळ्यात पातळ जागी सुद्धा दोन मिमी जाडीचा ड्राय लायनर बसेल एवढं लोखंड शिल्लक आहे.

तेव्हा "हा ब्लॉक वाचतो का" याचं उत्तर आज मिळालं. वाचतो. लायनर टाकून परत ६८ स्टँडर्डवर आणता येतो, म्हणजे पिस्टनही स्टँडर्ड साइजचे. आता प्रश्न फक्त वाचवावा का, एवढाच उरला.

११ फेब्रुवारी

निस्सानच्या बाजूनं विचार करायचा तर तो प्रामाणिकपणे करायला हवा. मेस्त्रींच्या ओळखीनं ए१२ इंजिन बसवलेली एक पद्मिनी इचलकरंजीत बघायला मिळाली. मालकांनी चालवायलाही दिली.

इंजिन फार चांगलं आहे. चावी फिरवली की लगेच चालू. तिसऱ्या गियरमध्ये खालून ओढते, हायवेला ऐंशीवर घोंघावत नाही. पाच मेन बेअरिंगचा फरक पायाखाली जाणवतो. जास्त आरपीएमला आमच्या तीन बेअरिंगच्या इंजिनासारखी थरथर नाही. आठवड्यातून तीनदा पुण्याला जायचं असेल आणि हीच एक गाडी असेल, तर मीही हेच करीन.

मग बॉनेट उघडून अर्धा तास बघत बसले. पुढच्या क्रॉसमेंबरवर नवे माउंटिंग वेल्ड केलेले. गियरबॉक्स निस्सानचा, त्यामुळे स्टिअरिंगवरची गियरची दांडी गेली आणि मध्ये पत्रा कापून खालचा गियर आला. प्रॉपेलर शाफ्ट कापून जोडलेला. रेडिएटर वेगळा, त्यासाठी पुढचा पत्रा कापलेला. काम वाईट नव्हतं, उलट निगुतीनं केलेलं होतं. पण यातलं काहीही परत होत नाही.

आणि ब्रेक तेच, चारही ड्रम. मालक स्वतःच म्हणाले की उतारावर जपून चालवतो. चाळीसच्या आसपास अश्वशक्तीच्या, नऊशे किलोच्या आतबाहेरच्या गाडीला फियाटनं ब्रेक, डिफरन्शियलचं गुणोत्तर, स्प्रिंगा असं सगळं मोजून दिलं होतं. इंजिन वाढवलं की पाठोपाठ ब्रेक येतात, ब्रेकपाठोपाठ हब आणि चाकं येतात. शेवटी आपण जुन्या कवचात दुसरीच गाडी बांधत असतो. तसं करणं गैर नाही. मला मात्र ते करायचं नाही, हे मला इचलकरंजीहून परत येताना वाटेत पक्कं कळलं.

२० फेब्रुवारी

कागदपत्रांची बाजू. आरटीओत जाऊन आणि नियम वाचून जे समजलं ते:

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन हा असाच बदल. त्याच जातीचं इंजिन बसवायचं तरी आधी परवानगी आणि मग आरसीवर नवा नंबर. रस्त्यावर अशा कितीतरी गाड्या बिनबोभाट फिरतात हे खरं, पण अपघात झाला आणि विमा कंपनीनं इंजिन नंबर तपासला तर काय, याचा विचार कुणी करत नाही.

दुसरं, जुलै २०२१ ची व्हिंटेज वाहनांची अधिसूचना. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, जिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, दहा वर्षांसाठी. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आमची १९६६ ची, म्हणजे वयात बसते. इंजिन बदललं की हा दरवाजा बंद.

पण व्हिंटेज नोंदणीची किंमतही आहे: अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठीचं जाणं-येणं, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढंच. सणाला पुणे-कोल्हापूर त्यात बसत नाही. म्हणून सध्या साधंच पासिंग करून पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरायचा, असं माझं मत. मूळ इंजिन राहिलं तर व्हिंटेजची वाट पुढे केव्हाही मोकळी असेल, आणि बदललं तर कधीच नाही.

२५ फेब्रुवारी

दादा कोल्हापुरात. दिवसभर याच विषयावर बोलणं झालं. त्यानं एक तिसरा पर्याय मांडला, आणि तो मला सगळ्यात अवघड गेला.

त्याचं म्हणणं: निस्सान नको, कापाकापी नको, मान्य. पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इथंच भंगारात शेवटच्या काळातल्या पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन मिळेल. तेच घराणं, तीच मापं. ते उघडून, रिंगा-बेअरिंग घालून बसवायचं. आबांचा ब्लॉक ग्रीस लावून पेटीत ठेवायचा. गाडी लवकर रस्त्यावर येईल, खर्च निम्मा होईल, आणि काहीही कायमचं बिघडणार नाही. "तुझाच मुद्दा आहे ना, परत फिरवता आलं पाहिजे? मग हे परत फिरवता येतंच की."

मुद्दा खरा आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, फिवानं, जी ट्यूरिनची सनद केली आहे, तिचाही रोख हाच: जितकं जुनं ठेवता येईल तितकं ठेवा, जो बदल कराल तो परत काढता येईल असा करा, आणि ओळखू येईल असा ठेवा. ब्लॉकची चीर बोअरपर्यंत गेलेली असती तर मी दादाचं ऐकलं असतं, एका शब्दानं वाद न घालता.

पण चीर नाही. आणि पेटीत ठेवलेली इंजिनं मी पाहिली आहेत. कागलच्या त्याच शेडमध्ये आबांच्या पाण्याच्या ऑइल इंजिनाचा ब्लॉक "नंतर बघू" म्हणून ठेवलेला आहे. ग्रीस वाळतं, पेटीला ओल लागते, घर बदलतं, कुणीतरी जागा रिकामी करायला काढतं. गाडीतून बाहेर पडलेलं इंजिन फार क्वचित परत आत जातं. दुसरं इंजिन चालतंय तोवर पहिल्यावर खर्च करायला कोण तयार होईल? कागदावर तो बदल परत फिरणारा आहे, घरात नाही. आणि उद्यमनगरात लायनर टाकणारे, मापं धरणारे हात आज आहेत. मेस्त्री सत्तरीला आले. त्यांचा मुलगा इंजेक्टर आणि सेन्सरची कामं करतो, उत्तम करतो, पण तीन बेअरिंगच्या क्रँकला पातळ शिम देत हातानं जुळवणं तो शिकलेला नाही. हे काम दहा वर्षांनी करू म्हटलं तर गाडी असेल, ब्लॉकही असेल, आणि करणारं माणूस नसेल.

दादानं शेवटी विचारलं, की वेगाचं काय? मी सांगितलं की सत्तरनं जायचं. कोल्हापूर-पुणे सत्तरनं गेलं तर किती उशीर होतो ते त्यानंच मोजलं आणि गप्प बसला. मग म्हणाला, "डायनॅमो मात्र मी राहू देणार नाही." हे मला मान्य आहे. अल्टरनेटर त्याच जागी ब्रॅकेट लावून बसतो, एकही भोक नवं पाडावं लागत नाही, आणि रात्री हेडलाइट लावल्यावर बॅटरी उतरत नाही. डायनॅमो आणि कटआउट चिठ्ठी लावून डिकीत राहतील.

निर्णय झाला: मूळ ब्लॉक, मूळ क्रँक, मूळ हेड, मूळ गियरबॉक्स.

२७ फेब्रुवारी

मेस्त्रींना सांगितलं. थोडा वेळ ब्लॉककडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग अर्धवट न्हाई करायचं ताई. केलं तर समदं करायचं." लगेच वहीत यादी लिहायला घेतली.

१० मार्च

काय मूळ राहील आणि काय नवं येईल ते ठरवलं.

रिंगा, पिस्टन, बेअरिंग, सील, चेन हे झिजायलाच बनलेले भाग. ते नवे घालण्यात मूळपणाला काहीही धक्का लागत नाही. हेडला आर्गन वेल्डिंग करून खाल्लेली जागा भरायची आणि मग फेसिंग. व्हॉल्व्ह सीट मात्र जाणून-बुजून वेगळ्या धातूच्या घालतोय. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलं. त्या शिशाचा थर सीटला जपत असे. देशात शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद आहे. मऊ सीट आजच्या पेट्रोलवर हळूहळू खचत जाते, टॅपेटची फट आपोआप कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. म्हणून कडक सीट आणि नवे गाइड.

इथेनॉलचंही तसंच. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता पंपापंपावर येतंय. जुन्या रबराला ते फुगवतं, पंपाचा पडदा मऊ पाडतं, टाकीतला गंज सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणतं. पेट्रोलचे सगळे पाइप विटॉनचे (इथेनॉलला टिकणारं रबर), पंपाला नवा पडदा, टाकीनंतर फिल्टर. सोलेक्स कार्ब्युरेटर मूळचाच, फक्त शाफ्टला बुश.

डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का, यावर मी बराच विचार केला. बाहेरून दिसत नाही, परतही निघतं. तरी पॉइंटच (ठिणगीची वेळ ठरवणारे जुने यांत्रिक संपर्क) ठेवतेय. पॉइंट घाटात, रस्त्याच्या कडेला, एका काडेपेटीच्या पट्टीनं जुळवता येतात.

९ एप्रिल, गुढीपाडवा

लायनर बसवून ब्लॉक आला. चारही बोअर ६८ वर, होनिंगच्या तिरक्या रेषा उजेडात धरल्या की एकसारख्या दिसतात. भोकाच्या जागी पिन, वरून घासून सपाट केलेली. पुन्हा प्रेशरला लावला, बुडबुडा नाही. जॅकेट आम्लानं धुऊन गाळ पूर्ण काढलाय. टॉर्च मारली की शेवटच्या सिलिंडरमागचं लोखंड दिसतं.

नंबरची जागा घासू दिली नाही. रंगवायलाही देणार नाही, नुसतं तेलाचं बोट.

२१ एप्रिल

जोडणी. मेन बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजनं तपासली. मधलं बेअरिंग जरा घट्ट वाटलं, मेस्त्रींनी कॅप तीनदा काढून घातली. क्रँक दोन बोटांनी फिरेपर्यंत पुढं जाऊ दिलं नाही.

५ मे

चालू झालं. आधी प्लग काढून स्टार्टर फिरवत ऑइल प्रेशर येईपर्यंत थांबलो, मग प्लग लावले. दुसऱ्या प्रयत्नात पकडलं. निळा धूर थोडा, पाच मिनिटांत गेला. २०डब्ल्यू-५० ऑइल, जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं; या जातीच्या कॅमला आणि टॅपेटला ते लागतं. वॉटर पंपाच्या पॅकिंगमधून गळती आहे, तेवढी पुन्हा खोलावी लागणार.

काकी शेजारी उभ्या होत्या. इंजिन मंद केल्यावर म्हणाल्या, "हाच." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मतदान ७ ला, वर्कशॉप दोन दिवस बंद.

२ जून

पाऊस यायच्या आत एक चढ बघायचा होता. कोल्हापूर ते पन्हाळा, दादा गाडी चालवत, मी शेजारी लेझर थर्मामीटर घेऊन. वाघबीळला थांबून रेडिएटरच्या वरच्या टाकीचं तापमान घेतलं: ८४. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये चढलो, मागं एसटी होती, तिला वाट दिली. वर तीन दरवाज्याजवळ पोचलो तेव्हा ९१. फॅन सुरू ठेवून मंद गतीला सोडलं, पाच मिनिटांत ८६ वर आलं. जॅकेट साफ करण्यात घातलेला प्रत्येक तास वसूल झाला.

रनिंग-इन (नवे भाग एकमेकांत घासून बसेपर्यंत जपून चालवणं) चालू आहे, म्हणून साठच्या वर नेत नाही. त्या वेगाला गाडी शांत आहे. पहिल्या गियरला सिंक्रो नाही, म्हणून पूर्ण थांबूनच पहिला टाकायचा, हे दादाला घाटातच सांगावं लागलं. उतरताना ब्रेक पुरेसे वाटले, कारण गाडी तिला झेपेल तेवढ्याच वेगानं चालली होती.

घरी येऊन इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट क्रमानं पुन्हा आवळले, टॅपेट जुळवले. चार नंबरचा एक्झॉस्ट थोडा सैल होता. मागच्या डाव्या ड्रमचा व्हील सिलिंडर ओला दिसतोय, तो मंगळवारी खोलायचा. पासिंगचे कागद तयार आहेत. इंजिन नंबरचा खडूनं घेतलेला फोटो आणि पेन्सिलनं उतरवलेला ठसा दोन्ही फाइलला लावलेत.